प्रोसेसर १४४००एफ की ७६००? हातात बी४५० बोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ आहे

रंकाळा_१४४

मंडळी, राजारामपुरीतल्या दोन दुकानांतून कोटेशन आणलीत आणि आता डोकं चालेना झालंय.

सध्याची मशीन: रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिका, आरटीएक्स ४०६०, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पॉवर सप्लाय), १०८०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर. कार्ड नवंच आहे, त्याला हात लावायचा नाही.

काम असं: दिवसा सॉलिडवर्क्स, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) आणि कोअर बॉक्सची (पोकळ भागासाठी वाळूचा गाभा बनवायचा साचा) डिझाइनं. असेंब्ली दोन-तीनशे पार्टांच्या वर जात नाही. लग्नसराईत याच मशीनवर भाऊ प्रीमिअर प्रो चालवतो, फुटेज सोनीच्या कॅमेऱ्याचं, ४:२:२ १०-बिट (रंगाचे बारकावे जास्त साठवणारा प्रकार). रात्री व्हॅलोरंट, त्यात मधेच झटका बसतो, फ्रेम तुटतात. रविवारी सायबरपंक.

कोटेशन १: आय५-१४४००एफ + बी७६० चा डीडीआर४ बोर्ड, रॅम जुनीच वापरायची.
कोटेशन २: रायझन ५ ७६०० + बी६५० बोर्ड + डीडीआर५ ६०००, १६-१६ जीबी.

दुसरं चांगलंच महाग पडतंय, आणि फरकातला मोठा वाटा रॅमचा आहे. एक दुकानदार म्हणतो "दहा कोअर मिळत असताना सहा कशाला घेताय", दुसरा म्हणतो "इंटेल तापतं". कुणाचं ऐकू?

शिरोलीकर

दोघांचंही नको. "दहा कोअर" हे अर्धं खरं आहे. १४४००एफ मध्ये सहा मोठे कोअर आहेत, ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे, आणि चार छोटे, ३.५ पर्यंत जाणारे. छोट्यांना हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) नाही, म्हणून थ्रेड सोळा होतात. ७६०० ला सहाच कोअर, पण सगळे सारखे, बारा थ्रेड आणि ५.१ गिगाहर्ट्झ. एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी विरुद्ध २०. रेंडर किंवा एक्स्पोर्टसारखं सगळ्या कोअरांवर वाटून जाणारं काम असेल तर १४४००एफ थोडा पुढे राहतो. एका कोअरवर अडणारं काम असेल तर ७६०० पुढे.

तुमचं दिवसाचं काम दुसऱ्या जातीचं आहे. पॅटर्नमध्ये फीचर ट्रीच्या (डिझाइनच्या पायऱ्यांची क्रमवार यादी) वरच्या बाजूचा एक ड्राफ्ट अँगल बदलला की त्याच्याखालची प्रत्येक रिब, प्रत्येक फिलेट (गोलावलेली कड) ओळीने पुन्हा मोजली जाते, यालाच रीबिल्ड म्हणतात. आधीचं फीचर झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही, मग कोअर सहा असोत नाहीतर सोळा. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रीबिल्ड चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. २६०० वर प्रोसेसर जेमतेम ८ टक्के दिसेल. वाटतं मशीन निवांत आहे. पण बारा थ्रेडांपैकी एक पूर्ण भरला की आकडा ८ च्या आसपासच येतो. १४४००एफ वर तोच आकडा ६ दिसेल, एवढंच.

खरेदीच्या आधी एक फुकटचा उपायही करा. इव्हॅल्युएट टॅबमध्ये परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवा. कोणतं फीचर किती सेकंद खातंय त्याची यादी येते. बहुतेक वेळा दोन-तीन फिलेट किंवा एखादा मोठा पॅटर्नच (इथं एकच आकार अनेकदा उमटवणारं फीचर) निम्मा वेळ खातो. फिलेट ट्रीच्या शेवटी न्या, आणि ऑप्शनमध्ये "व्हेरिफिकेशन ऑन रीबिल्ड" चालू असेल तर रोजच्या कामात बंद ठेवा.

गेमचं म्हणाल तर सायबरपंकमध्ये ४०६० च अडते. खेळताना कार्डचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर कोणताही प्रोसेसर घाला, फ्रेम तेवढ्याच. व्हॅलोरंट उलटं, ते प्रोसेसरवर चालतं. पण १४४ हर्ट्झला दोघेही पुरून उरतात. तुम्हाला मधेच जो झटका बसतो तो २६०० च्या रचनेचा आहे: त्यात तीन-तीन कोअरचे दोन गट, प्रत्येकाची ८ एमबी कॅश वेगळी, आणि एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर लांबून फेरा पडतो. ७६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबीवर बसलेत.

"इंटेल तापतं" हे १४४००एफ ला सरसकट लावू नका. पण डब्यातल्या कूलरच्या चार पुश-पिनांपैकी एक जरी नीट टचकन बसली नाही, तर काहीही तापेल. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालायच्या आधीच कूलर बसवा, पिना कर्णात दाबा, मागून चारही काळी टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

कोअरबॉक्स

भावा, तुझ्याकडं बी४५० आहे आणि तू नवा बोर्ड कशाला शोधतोयस? त्याच सॉकेटात रायझन ७ ५७००एक्स बसतो. आठ कोअर, सोळा थ्रेड, ४.६ गिगाहर्ट्झ, ३२ एमबी कॅश, ६५ वॉट. बोर्ड तोच, रॅम तीच, विंडोजही तेच. २६०० च्या मानाने एका कोअरचा वेग दीडपटीच्या आसपास जातो. वाचलेल्या पैशात आणखी १६ जीबी डीडीआर४ घे, प्रीमिअरला १६ मध्ये श्वास घेता येत नाही.

फक्त क्रम चुकवू नको:

१. बोर्ड कंपनीच्या साइटवर तुझ्या मॉडेलच्या सपोर्ट यादीत ५७००एक्स बघ आणि तिथं लिहिलेला बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा त्यापुढचा घे. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत आणि रिव्हिजन नंबरसकट जुळव.
२. बायोस २६०० बसलेला असतानाच टाक. नवा प्रोसेसर आधी घातला आणि बोर्डवर फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं) बटण नसेल तर पडदा काळाच राहणार. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर. यूपीएस नसेल तर पावसाळ्यात हे काम संध्याकाळी काढू नको, मधेच लाइट गेली तर बोर्ड मेला.
३. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का बघ आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव. प्रोसेसर बदलला की एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) नव्यानं सुरू होतं आणि विंडोज ती ४८ आकडी की मागतं. ती नसेल तर डिझाइनच्या फायली विसर.
४. जुना कूलर काढण्याआधी मशीनवर दहा-पंधरा मिनिटं लोड दे, पेस्ट मऊ होऊ दे. मग बंद करून कूलर डावी-उजवीकडं हळूहळू फिरवत सोडव. सरळ वर ओढलास तर लॉक असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि खालच्या पिना वाकतात. एएम४ (तुझ्या बोर्डचं सॉकेट) मध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डला नाही.
५. ५७००एक्स च्या डब्यात कूलर येत नाही. २६०० चा छोटा कूलर वेळ मारून नेईल, पण एक्स्पोर्टला बोंबलेल. चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर पुरे.

व्हॅलोरंटसाठी विंडोज ११ वर एफटीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात, आणि नवा बायोस टाकला की सेटिंगं मूळ पदावर येतात. रॅमचं एक्सएमपी (पूर्ण वेगाचं सेटिंग) पण बंद पडतं आणि रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगते. अपग्रेड करूनही मशीन मंद वाटतंय म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा आजार हाच असतो.

कटपॉइंट

प्रीमिअरबद्दल. १४४००एफ मधल्या 'एफ'चा अर्थ आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही (इंटेलची व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडायची सोय) गेलं. तुमच्या भावासाठी नेमकी तीच गोष्ट कामाची होती.

४:२:२ १०-बिट फुटेज ४०६० हार्डवेअरवर उलगडू शकत नाही (आरटीएक्स ५० मालिकेपासून ती सोय आली), रायझनमधलं ग्राफिक्सही नाही. सगळा भार कोअरांवर पडतो आणि टाइमलाइन अडखळते. 'एफ' नसलेल्या साध्या आय५-१४४०० मध्ये यूएचडी ७३० हे आतलं ग्राफिक्स आहे, ते एचईव्हीसी (एच.२६५) ४:२:२ १०-बिट सहज उलगडतं. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते बायोसमधून चालू करावं लागतं. मग प्रीमिअरच्या मीडिया प्रेफरन्समध्ये डीकोडिंगसाठी इंटेलवर खूण करायची.

पण आधी भावाला विचारा कॅमेरा कशावर शूट करतोय. एक्सएव्हीसी एचएस असेल तर ते एचईव्हीसी आहे, वरचा फायदा मिळतो. एक्सएव्हीसी एस असेल तर ते एच.२६४ आहे, आणि त्याचं ४:२:२ १०-बिट १४४०० लाही हार्डवेअरवर जमत नाही. मग प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) करणं आलंच: इंजेस्ट करतानाच प्रोरेस प्रॉक्सी बनवायला लावा, रात्रभर मशीन चालू ठेवा, सकाळी कोणत्याही प्रोसेसरवर टाइमलाइन पळते. प्रॉक्सीसाठी वेगळी एसएसडी ठेवा, जागा भरपूर खातात.

रंकाळा_१४४

भावाला विचारलं, एक्सएव्हीसी एस च आहे. म्हणजे क्विक सिंकचा विषय संपला. मग ५७००एक्स की ७६००? आणि १४४००एफ पूर्ण बाद समजू का?

शिरोलीकर

तुमच्या बाबतीत बाद. एलजीए १७०० (१४४००एफ चं सॉकेट) वर १२, १३, १४ या तीनच पिढ्या आल्या, पुढे त्या बोर्डवर काही नाही. त्यात डीडीआर४ बोर्ड घेतला की पुढच्या वेळी बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही बदलणं आलं. नवा बोर्ड घेऊनही जुन्याच रॅमवर अडकायचं असेल तर कोअरबॉक्स म्हणतात तो रस्ता स्वस्त आहे.

मात्र त्यांच्याशी एका मुद्द्यावर पटत नाही. एका कोअरवर ७६०० हा ५७००एक्स पेक्षा वीसेक टक्के पुढे आहे. दिवसाला शंभरदा रीबिल्ड मारणाऱ्याला ते जाणवतं. पोट सॉलिडवर्क्सवर असेल आणि पैसे उभे राहत असतील तर ७६०० घ्या. एएम५ ला (७६०० चं सॉकेट) एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ द्यायचं जाहीर केलंय, त्याच बोर्डवर आज ९८००एक्स३डी सुद्धा चालतो. रॅमचा भाव बघून छातीत कळ येत असेल तर आता ५७००एक्स, आणि डीडीआर५ खाली येईपर्यंत थांबा. २०२५ च्या अखेरीपासून रॅम चढलीय, अशा वेळी ३२ जीबी घ्यायची घाई कामाशिवाय करू नये.

फेज_न्यूट्रल

७६०० घेतलात तर तीन गोष्टी.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहतो, बोर्डवर रॅमचा दिवा जळत असतो. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतं) चालू असतं ते. घाबरून मधेच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. दुकानदार "बोर्ड डेड" म्हणून परत पाठवतात त्यातले कित्येक बोर्ड ठणठणीत असतात. ट्रेनिंग झाल्यावर बायोसमध्ये एक्स्पो (एक्सएमपीसारखंच सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालेल.

स्टिका दोनच घ्या, प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. पुढे आणखी दोन टाकू असं मनात असेल तर आत्ताच सोडा: चार स्टिका भरल्या की एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० वर येते. वाढवायची झाली तर २×३२ ची जोडी.

एसएमपीएस बदलायची गरज नाही. ७६०० ची कमाल ८८ वॉट, ४०६० ची ११५, बाकी सगळं धरून ५५० आरामात पुरतो. यूपीएस मात्र ६०० व्हीएचा असेल तर त्यावरचा वॉटचा आकडा वाचा, बहुधा ३६० असतो. मॉनिटर धरून काठावर. १००० व्हीए घ्या. अॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर लाइट गेल्या क्षणीच बंद पडतात, म्हणून दुकानातच मशीन जोडून, गेम चालू ठेवून, प्लग ओढून बघा.

मशीन फाउंड्रीच्या ऑफिसात ठेवणार असाल तर कॅबिनेटला समोरून जाळीचा फिल्टर हवा. तिथल्या धुळीत लोखंड असतं, ते बोर्डवर बसलं आणि पावसाळ्याची ओल लागली की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटानं धरून.

रंकाळा_१४४

७६०० ठरलं, पण रॅम सध्या १६ ची एकच स्टिक घेतली तर चालेल का? दुसरी दिवाळीला.

फेज_न्यूट्रल

चालेल, पण चॅनल (रॅमपर्यंतचा रस्ता) एकच राहील आणि व्हॅलोरंटमध्ये तुटक फ्रेम तिथूनच परत सुरू होतील. त्यापेक्षा ८-८ ची जोडी घ्यावी म्हणाल, तर ती दिवाळीला विकायला काढावी लागेल. एकच स्टिक घेणार असाल तर बिल आणि पार्ट नंबरचा फोटो ठेवा, दुसरी अगदी त्याच नंबरची मागवा. तसं केलं तरी दोघी ६००० वर नांदतीलच असं नाही. नाही जमलं तर ५६०० वर उतरवून बघा.