आमचा कुत्रा गेला तेव्हा : दिसलेल्या आणि निसटलेल्या खुणा

(पाचपाखाडी, ठाणे)

आमचा बंड्या गेल्या श्रावणात गेला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. कचराळी तलावाजवळ पावसात कुडकुडत सापडलेले ते गावठी पिल्लू आईने पदरात गुंडाळून घरी आणले होते, आणि तेव्हापासून आमच्या घरातले उठणे-बसणे त्याच्या फिरण्याच्या वेळांवर बेतलेले राहिले. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिता येईल, परंतु हा धागा मी एका नेमक्या कारणासाठी सुरू करीत आहे.

बंड्याच्या गळ्यात पितळेचा बिल्ला होता. पाणी पिताना तो स्टीलच्या पातेल्याच्या काठावर आपटे आणि टिणटिण असा आवाज होई. गेल्या एप्रिलपासून हा आवाज रात्रीतून तीन-चार वेळा ऐकू येऊ लागला. ठाण्याचा उकाडा सर्वांना ठाऊक आहे. आम्ही पंखा वाढवला, पातेले काठोकाठ भरून ठेवले आणि कूस बदलून झोपलो. जूनमध्ये त्याने जेवण टाकले, तोंडाला उग्र वास येऊ लागला, आणि रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ घटक, सहाच्या वर निघाले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की मूत्रपिंडांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत हा आकडा सहसा वाढत नाही. त्याआधी दिसते ती वाढलेली तहान आणि वाढलेली लघवी, कारण मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येईनाशी होते आणि अंगातले पाणी वाहून जाते. दोन महिने ती खूण रोज रात्री आमच्या कानांवर पडत होती. सलाईन, पथ्याचे खाणे, उलटी थांबवण्याची औषधे, हे सारे त्यानंतर सुरू झाले आणि सहा आठवडे पुरले.

म्हणून विनंती आहे की आपल्या घरातला कुत्रा गेला तेव्हा काय दिसले, काय नजरेतून निसटले आणि कोणता निर्णय घ्यावा लागला, ते जमेल तसे लिहावे. आठवणीही अवश्य लिहाव्यात, पण त्यांत ती खूण असू द्यावी.

(नेरूळ)

आमच्या राणीची खूण कातडीवर होती. ती लॅब्रेडोर, रंगाने पिवळसर; मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे केस विरळ असतात, तिथे टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके उमटले होते. डास चावले असतील असे समजून मी खोबरेल तेल लावले. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आले. तपासणीत प्लेटलेट अठरा हजारांवर आल्याचे कळले. कुत्र्यात त्या किमान दोन लाखांच्या आसपास हव्यात. निदान गोचीडतापाचे झाले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २८ दिवस दिले आणि राणी उठली, इतकी की महिन्याभरात पाम बीच रस्त्याकडेच्या पदपथावर मला ओढत नेऊ लागली.

चूक पुढे झाली. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड घरात राहून आपले सारे जीवनचक्र पूर्ण करू शकते. ती भिंतीवर चढते आणि फटीत शिरून एका वेळी हजारोंनी अंडी घालते. बाबा रोज संध्याकाळी चष्मा लावून, राणीचे कान उलटे करून, चिमट्याने एकेक गोचीड काढून साबणाच्या पाण्यात टाकत असत, आणि त्याच वेळी देव्हाऱ्यामागच्या भिंतीला गेलेल्या भेगेत त्यांची पैदास चालू होती. ती भेग आम्हाला रंगकाम काढल्यावर दिसली. तोवर राणीला दुसऱ्यांदा ताप येऊन ती गेली होती. उपचार आम्ही राणीवर केले, घरावर केले नाहीत, हे मला अजून सलते. बाबा आजही पाहुण्यांच्या कुत्र्याचे कान आधी तपासतात आणि मग त्याच्याशी बोलतात.

(कोपरी, ठाणे)

मी ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. आमची चिंगी पामेरियन होती. ती रात्री खोकत असे, तर मी तिला मधातून हळद चाटवत असे. तो खोकला घशाचा नव्हता. हृदयाची झडप गळत असल्यामुळे हृदय मोठे झाले होते आणि म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत हे फार आढळते, असे नंतर कळले. कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजावे. तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांकडे नेण्यास थांबू नये. मला हे कोणी आधी सांगितले असते, तर मी रात्रभर बसून मोजले असते.

(सीबीडी बेलापूर)

आमच्या घरी निर्णयाचा प्रश्न आला आणि तो अजून मिटलेला नाही. शेरू जर्मन शेफर्ड होता. पारसिकच्या चढावर धावणारा हा कुत्रा बाराव्या वर्षी मागचे पाय ओढू लागला. आधी पंजांच्या नखांचे वरचे टोक झिजलेले दिसले होते, कारण तो पाय पुरता उचलत नव्हता. ज्यांच्याकडे मोठ्या जातीचा कुत्रा आहे त्यांनी नखांकडे लक्ष ठेवावे. शेवटचे तीन आठवडे त्याला चादरीच्या झोळीत घालून खाली न्यावे लागे, आणि शी-शू जागेवर झाल्यावर तो आमच्याकडे न पाहता भिंतीकडे तोंड करी. मी त्याला इंजेक्शन देऊन कायमचे झोपवण्याचा आग्रह धरला. पहिले इंजेक्शन गुंगीचे होते, दुसरे भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. त्याचे डोके पत्नीच्या मांडीवर होते. दोन मिनिटांत सारे संपले.

त्या सकाळी त्याने चहात बुडवलेली अर्धी खारी खाल्ली होती. पत्नीचे म्हणणे असे की ज्याला खारी खावीशी वाटते त्याला जगायचे असते. माझे म्हणणे असे की त्याने तिच्या हातचे शेवटच्या श्वासापर्यंत खाल्लेच असते. आम्ही दोघेही मनापासून बोलतो आणि दोघेही तिथेच थांबतो.

(घोडबंदर रस्ता, ठाणे)

आमच्याकडे सांगण्यासारखी खूण नाही. वाघ्या चौदाव्या वर्षी दुपारी झोपला आणि उठला नाही. आमचा प्रश्न पुढचा होता, कारण अकराव्या मजल्यावरच्या माणसाकडे मूठभर मातीही स्वतःची नसते. रात्री त्याला आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून गाडीच्या मागच्या आसनावर ठेवले आणि शहापूरजवळच्या गावी नेले. आजोबांनी कंदिलाच्या उजेडात छातीइतका खोल खड्डा स्वतः उभे राहून खणवून घेतला, त्यात तीन किलो जाडे मीठ टाकले आणि वर दगड रचले, म्हणजे कोल्ह्या-तरसांनी उकरू नये. खड्डा उथळ ठेवू नका, एवढे मात्र सर्वांना सांगावेसे वाटते.

(खारघर)

माझा कुत्रा जिवंत आहे. टिपू अकरा वर्षांचा आणि अठरा किलो वजनाचा आहे. पहिला अनुभव वाचल्यावर मी त्याच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले की दिवसाला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलिलिटर पाणी ठीक असते, आणि शंभरच्या वर गेले तर तपासणी करावी. टिपूच्या वजनाला ही मर्यादा पावणेदोन लिटरच्या आसपास येते. दोन दिवस मी त्याचे पाणी मापाच्या भांड्याने भरले आणि उरलेले मोजून वजा केले. पहिल्या दिवशी एक लिटर नऊशे, दुसऱ्या दिवशी दोन लिटर भरले. तो हसऱ्या तोंडाने जेवतो, खेळतो, बाहेरून पाहता त्याला काहीही झालेले नाही. शनिवारी सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत घेऊन, रक्तही तपासायला, आम्ही दोघे जात आहोत. बंड्याच्या घरच्यांना हे कळावे म्हणून लिहिले.