विजयदुर्ग, हेलियम आणि १८६८-१८९८ची गल्लत

'१८६८च्या ग्रहणात लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला' असं बऱ्याचदा सांगितलं जातं, पण ते बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्येच होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होता गुंटूरला. सौरज्वालांच्या (सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या तप्त वायूंच्या) वर्णपटातल्या रेषा त्याला इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या पाहिल्या. लॉकियरने तेच ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून स्वतंत्रपणे साधलं. सोडियमशी न जुळणाऱ्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम या नव्या मूलद्रव्याची कल्पना आली, आणि पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅमझीला सापडला १८९५मध्ये. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून जे ओटे दाखवतात ते त्या मोहिमेचे.

आपल्याकडचं १८६८चं निरीक्षण हवं असेल तर जमखंडी बघा. पटवर्धनांच्या त्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल (विल्यम हर्शेलचा नातू) स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशाचा वर्णपट दाखवणारं यंत्र) लावून बसला होता. ऐन वेळी ढग आडवे येत होते, तरी मधल्या फटीत त्याने सौरज्वालेच्या तेजस्वी रेषा टिपल्याच.

१८९८च्या बाबतीत तर करमाळ्याजवळचं जेऊर विसरूच नये. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल तिथे ४० फूट नाभीय अंतराचा (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर ४० फूट असलेला) कॅमेरा घेऊन आला होता, जेमतेम २ मिनिटांच्या खग्रासासाठी! पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी नायगमवाला यांचा तळही जेऊरलाच होता. पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारणारे ते हेच. विजयदुर्गावर दरवर्षी हेलियमचा दिवस साजरा होतो, चांगलंच आहे, पण नायगमवालांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.