जीटीएफएसमधल्या 'ट्रिप'ला मराठीत काय म्हणावं?

बसची माहिती ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशांच्या कामी यावी म्हणून मराठीत टिपणं लिहितोय. नकाशावर थांबे आणि मार्ग येतात, वेळा मात्र जीटीएफएसच्या, म्हणजे वेळापत्रकं संगणकाला वाचता यावीत म्हणून ठरवलेल्या मांडणीच्या, फायलींत. (ही मांडणी २००५ची, अमेरिकेतल्या पोर्टलंडची. तेव्हा 'जी' म्हणजे गूगल, पुढे त्याचं 'जनरल' झालं.) स्टॉपला थांबा, रूटला मार्ग, इथवर ठीक. 'ट्रिप'ला 'सहल' लिहिलं आणि घरचेच हसले.

— हसणारच! एसटीचा शब्द आहे की: फेरी. मार्ग एक, फेऱ्या अनेक. फक्त फेरी म्हटलं की काहींना जाऊन-येऊन वाटतं, आणि जीटीएफएसची ट्रिप एकाच दिशेची. तेवढं सुरुवातीला सांगून टाका.

— बोलताना आपण 'गाडी'च म्हणतो. "सव्वासहाची गाडी गेली का?" बिघाड होऊन दुसरी बस लावली तरी ती सव्वासहाचीच गाडी. पण लिहिताना वाहन कुठलं नि ट्रिप कुठली, याचा घोळ होईल. माझंही मत फेरीला.

— 'हेडसाइन'ला, म्हणजे बस कुठे जाणार ते दाखवणाऱ्या मजकुराला, कुठेतरी 'गंतव्यदर्शक फलक' वाचलं. तोवर बस निघून जाईल. पाटी म्हणा, पाटी! "पाटी बघून चढा" असंच सांगतात ना?

— पाटी पक्की. आता एक शंका: एका फाइलमध्ये वेळ २५:३० दिसली. टंकनदोष?

— नाही, बरोबर आहे. शुक्रवारच्या वेळापत्रकातली फेरी मध्यरात्र उलटून दीडला सुटत असेल, तर ती शुक्रवारच्याच खाती राहावी म्हणून घड्याळ २४च्या पुढे मोजतात. पंचांगातला वार नाही का सूर्योदयाला बदलत? रात्री दीडला तिथेही शुक्रवारच असतो. रातराणीने जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. 'शुक्रवारी रात्रीची गाडी' असंच म्हणतात सगळे. 'सर्व्हिस डे'ला म्हणून 'वेळापत्रकाचा वार' सुचवतो.

— आणि 'ओपन डेटा'? 'मुक्त विदा' मला पटत नाही. हिंदी वाचणाऱ्याला वाटेल, कोणीतरी निरोप घेतोय. 'मोफत' तर चूकच, तो पैशाचा मुद्दा झाला. 'मुक्त'मध्येही काही बंधन नाही असा भास होतो. ओपनस्ट्रीटमॅपचा २०१२पासूनचा परवाना ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स). त्यात श्रेय द्यावं लागतं, आणि त्या माहितीत भर घालून नवा साठा जाहीर केलात तर तोही त्याच अटींवर द्यावा लागतो. 'खुली माहिती' म्हणावं. दार उघडं आहे, पण घराला नियम आहेत.

— 'शेअर'ला 'सामायिक करणे' तेवढं लिहू नका. 'वेळापत्रक खुलं केलं' पुरतं.

— फेरी, पाटी, खुली माहिती घेतले. उरलं 'ट्रान्सफर'. 'बदली' लिहिलं तर कंडक्टरची गडचिरोलीला झाल्यासारखी वाटते. 'गाडीबदल' चालेल?