लिंक विकली म्हणजे गुन्हा केला का?

हडपसरचा गडी
किल्ल्यांवर माझी साधी साइट आहे, नऊ वर्षं जुनी. होस्टिंगचा खर्चही धड निघत नाही. गेल्या वर्षी एक मेल आला: जुन्या लेखांत एकेक वाक्य घुसवा, आमची लिंक द्या, लिंकमागे अडीच हजार. अकरा दिल्या. आता साइट कशी चाललीय ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल अ‍ॅक्शन! गूगलनं कारवाई केलीय, म्हणे तुमच्या साइटवरून अनैसर्गिक लिंक जातात. पेपरवाले पानभर जाहिराती छापतात, त्यांना कोण विचारतं? माझी साइट, माझी जागा. गूगल कोण लागून गेलं?

कसब्यातला आगाऊ
विचारलं की. २०१३ साली ब्रिटनमधल्या स्थानिक पेपरांच्या साइट्सनी इंटरफ्लोरा या फुलंवाल्या कंपनीचे पैसे घेऊन लिंकवाले लेख छापले. इंटरफ्लोरा स्वतःच्या नावानं शोधली तरी काही दिवस सापडेना, आणि त्या पेपरांचा टूलबारवर दिसणारा पेजरँक, म्हणजे लिंकांवरून गूगल साइटला देतं तो गुण, धाडकन खाली आला. छापील जाहिरातीवर निदान 'जाहिरात' असं लिहितात. तुम्ही लिहिलंत? 'ही लिंक मोजू नका' असं गूगलला सांगणारा नो-फॉलो टॅग २००५ पासून आहे, 'पैसे घेतलेत' असं सांगणारा स्पॉन्सर्ड टॅग २०१९ पासून. तो लावा आणि शंभर लिंक विका, कोणी अडवत नाही.

हडपसरचा गडी
टॅग लावला तर अडीच हजार कोण देणार? त्यांना माझे वाचक नकोच आहेत, नुसती लिंक हवीय.

कसब्यातला आगाऊ
बरं झालं, तुम्हीच बोललात. म्हणजे जागा नाही, शिफारस विकलीत. लिंक म्हणजे एका साइटनं दुसरीला दिलेलं मत, पेजरँकचा पायाच तो. आणि तुमचा तिकोन्याचा लेख आत्ताच वाचला. उभ्या पायऱ्या, पावसाचं पाणी, कातळाला हात टेकत चढणारी माणसं आणि मध्येच 'विरंगुळ्यासाठी ऑनलाइन रमी खेळा'. अहो, खेळणार कुठल्या हातानं?

औंधचा विरोधी पक्ष
रमीचं राहू द्या, मताचं बोलू. अमेरिकेतली सर्चकिंग पेजरँकच्या हिशोबानं जाहिरातींच्या लिंक विकायची. गूगलनं तिचा पेजरँक पाडला, ती कोर्टात गेली. २००३ मध्ये ओक्लाहोमाच्या कोर्टानं सांगितलं, पेजरँक हे गूगलचं मत आहे आणि मत मांडायचं त्याला स्वातंत्र्य आहे. म्हणजे गूगलचं मत ते स्वातंत्र्य आणि गड्यानं मताचे अडीच हजार घेतले की पाप! शिवाय शोधनिकालांच्या डोक्यावर जाहिराती विकतं कोण?

कसब्यातला आगाऊ
त्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. वाचा जरा.

बाणेरकर
तत्त्वाचं भांडण चालू द्या, मी हे काम रोज करतो. लिंक विकली की रँकिंग गेलंच, असं नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलनं सांगितलं की त्यांची स्पॅमब्रेन यंत्रणा लिंक घेणाऱ्या आणि देणाऱ्या, दोन्ही साइट्स ओळखते. बऱ्याचदा त्या लिंकचं वजन फक्त शून्य होतं. विकणाऱ्याला पत्ताही लागत नाही, घेणाऱ्याचे पैसे पाण्यात. तो बिचारा डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी हा साइटचा गुण बघून भाव ठरवतो, आणि डीए हा आकडा मोझ कंपनीचा, गूगलचा नव्हेच. मॅन्युअल अ‍ॅक्शन मात्र माणसानं तपासून केलेली असते. काही पानांवर असते किंवा सगळ्या साइटवर. तुमची कुठली? नोटीस कधी आली?

हडपसरचा गडी
सगळ्या साइटवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला. क्लिक निम्म्यावर आलेत.

बाणेरकर
पावसाळा संपला की ट्रेकच्या साइट्सचे क्लिक असेही ओसरतात. त्यावरून रडू नका. शोधनिकालांतली सरासरी पोझिशन बघा, गेल्या ऑक्टोबरशी ताडून.

हडपसरचा गडी
बघितलं. राजमाचीचं पान ४ वर होतं, आता १७ वर.

बाणेरकर
मग मार बसलाय. अकराच्या अकरा लिंक काढा नाहीतर टॅग लावा, आणि फेरविचाराचा अर्ज करा. अर्जात काय विकलं ते सरळ लिहा. दोन-चार मागे ठेवून अर्ज केलात तर परत येईल.

औंधचा विरोधी पक्ष
म्हणजे शेवटी नाक घासायचंच!

हडपसरचा गडी
नऊ काढतो. उरलेल्या दोघांनी दोन वर्षांचे पैसे आगाऊ दिलेत, त्यांचं काय करू?

कसब्यातला आगाऊ
परत करा. आणि रमीवालं वाक्य आजच काढा, रविवारी घरच्यांना घेऊन तिकोन्याला चाललोय.