इन्व्हर्टर वीस मिनिटांत बंद पडतोय, बॅटरी गेली की इन्व्हर्टर?

धायरीकर:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्याकडे ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी आहे, चार वर्षं होत आली. आधी गुरुवारी सकाळी लाईट गेली की दुपारपर्यंत दोन पंखे, दोन ट्यूब आणि वायफाय निवांत चालायचं, आता वीस मिनिटं झाली की बीप बीप करून बंद. लाईट आली की अर्ध्या तासात बॅटरी फुल दाखवतो, म्हणजे चार्ज तर होतेय असं वाटतं पण टिकत काही नाही. वडील अंथरुणावर आहेत, त्यांना हवेची गादी लावलीय, पंप बंद पडला की गादी बसते आणि पाठीला जखमा व्हायची भीती असते, त्यात वळवाचा पाऊस सुरू झालाय, रोज संध्याकाळी लाईट जातेच. बघायला आलेल्या माणसाने झाकणसुद्धा न उघडता दोन्ही बदला म्हणून सांगितलं. खर्च करायचा तर करू, पण नक्की काय गेलंय ते कळू दे. मल्टिमीटर आहे घरी. काय काय बघू?

तापकीर गल्ली:
दादा, आत्ता काहीच विकत घेऊ नका. अर्ध्या तासात फुल आणि वीस मिनिटांत रिकामी, ही बहुतेक वेळा बॅटरीचीच लक्षणं असतात, इन्व्हर्टर बिचारा व्होल्टेज बघून फुल म्हणतो, आत किती चार्ज साठलाय ते त्याला दिसत नाही. प्लेटांवर सल्फेट बसलं किंवा पाणी उतरलं की व्होल्टेज पटकन चढतं आणि लोड आला की तितक्याच पटकन पडतं.

सगळ्यात आधी पाण्याची पातळी बघा, सहाही सेलची. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, आरओचं पाणी नको आणि कुणी ॲसिड घाला म्हणालं तर अजिबात ऐकू नका. मग रात्रभर चार्ज करा, सकाळी इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि तीन-चार तासांनी व्होल्टेज मोजा. चार्जिंग काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो. १२.६-१२.७ च्या आसपास आलं तर ठीक, १२.२ म्हणजे साधारण अर्धीच भरलेली, आणि १०.५ च्या जवळपास अडकून बसलं असेल तर एक सेल शॉर्ट आहे, कारण एका सेलचे दोन व्होल्ट असतात.

पण नुसत्या १२.७ वर समाधान मानू नका हे मी सगळ्यांना सांगतो. खरी परीक्षा लोडवर. वायर परत जोडा, मेन सप्लाय बंद करून पंखे ट्यूब मिळून दोनशे-तीनशे वॅट लावा आणि मीटर बॅटरीवर धरून बसा. चांगली बॅटरी बाराच्या आसपास येऊन तिथेच बराच वेळ थांबते, खराब असेल तर पाच-दहा मिनिटांत अकराच्या खाली येते आणि साडेदहाच्या आसपास इन्व्हर्टर कटऑफ करतो.

त्याच वेळी अजून एक बघा, मीटरची पिन एकदा बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर आणि एकदा वायरच्या थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर. दोन्हीत पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर टर्मिनलला गंज चढलाय. तो खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने साफ करा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावा. कित्येक चांगल्या बॅटऱ्या एवढ्याशा कारणाने भंगारात जातात, मला खरंच वाईट वाटतं.

चार्जर तपासायचा तर लाईट असताना बॅटरीवर मोजा, आकडा चढत साडेतेराच्या वर जायला हवा. लाईट असून नसून सारखाच राहिला तर मात्र इन्व्हर्टरचं चार्जिंग सेक्शन गेलंय.

कोथरूड_माई:
तुमच्या वडिलांच्या पंपाबद्दल लिहिते, आमच्या सासूबाईंनाही अशीच गादी होती. पंपाला जेमतेम दहा-पंधरा वॅट लागतात, तेव्हा बॅटरीचा निकाल लागेपर्यंत पंखे इन्व्हर्टरवरून काढा आणि पंप तेवढा ठेवा, थकलेली बॅटरीसुद्धा एवढ्याशा लोडवर बराच जास्त वेळ काढते. काँप्युटरचा छोटा यूपीएस घ्यायचा विचार असेल तर आधी पंप लावून बघा कारण काही यूपीएस फार कमी लोड असेल तर बॅटरी वाचवायला आपोआप बंद होतात आणि रात्री कुणाला कळणारही नाही. बऱ्याच गाद्यांच्या नळीला टोपण असतं, लाईट गेली की नळी पंपातून काढून टोपण लावलं तर हवा बराच वेळ राहते, पण मग दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्या.

भोसरी_मेंटेनन्स:
वरचं सगळं बरोबर, फक्त काळजी घ्या. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्या खोलीत देवाची समई, उदबत्ती, गॅस काही नको, खिडकी उघडी ठेवा. चष्मा घाला, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, पाना दोन्ही टर्मिनलला एकदम टेकला तर हात भाजतो. आणि सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरी हाताला गरम लागली तर टेस्ट वगैरे सोडा, आधी चार्जिंग बंद. हायड्रोमीटर स्वस्तात मिळतो, तो आणा, प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, वेगवेगळी कळते, मल्टिमीटरला ते दिसत नाही.

धायरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणी दोन सेलमध्ये बरंच खाली होतं, भरून रात्रभर चार्ज केली. सकाळी वायर काढून ठेवली, नंतर १२.५ आलं. लोड लावल्यावर आधी ११.९, मग भराभर पडत १०.७. पोस्ट आणि थिंबलमध्ये फरक जवळजवळ नाही. चार्जिंगला १४ च्या वर जातंय. परत पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटर लावला तर पाच सेल १२३० ते १२४० आणि पॉझिटिव्हकडून तिसरा ११२०. पंप माईंनी सांगितलं तसा एकटाच ठेवलाय, काल पूर्ण वेळ चालला.

तापकीर गल्ली:
मग निदान झालं, तिसरा सेल गेलाय आणि इन्व्हर्टर ठणठणीत आहे, तो बदलू नका. पाच सेल चांगले असले तरी एक पडला की सगळी बॅटरी त्याच्या मागे बसते, आणि ट्युब्युलरचा एकच सेल बदलून मिळत नाही. आता वॉरंटी कार्ड शोधा, बऱ्याच ट्युब्युलरना काही महिने फुकट बदलून आणि पुढे काही महिने किमतीत सूट असते, तुमची चार वर्षांत असेल तर कदाचित अजून आत असेल. हे ग्रॅव्हिटीचे आकडे तारखेसकट लिहून सर्व्हिसवाल्याला दाखवा, त्याच्यासमोर परत मोजायला लावा. वॉरंटी संपली असेल तर जुनी बॅटरी नव्याच्या बदल्यात दुकानातच द्या, आत शिसं भरपूर असतं, त्याचे पैसे वजनावर मिळतात, रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड गटारात ओततो. नवीन बसवताना जुनी होती तिथे ऊन येतं का ते बघा, उष्णतेने आयुष्य फार लवकर कमी होतं, आणि पाणी दर दोन-तीन महिन्यांनी तपासत जा, उन्हाळ्यात दर महिन्याला.