शबला गाय म्हंजे नेमकी कोणत्या रंगाची?

श्रावण हाय, देवळात पोथी चालू हाय, काल बालकांडात वसिष्ठाच्या गायीची गोष्ट आली, विश्वामित्र तिले जबरदस्तीनं ओढून नेते ते, अन् वाचणाऱ्यानं तिचं नाव शबला सांगितलं. मले वाटलं असन एखादं नाव, कॅलेंडरवरची कामधेनू तं पांढरीफक असते. पण मागं बसलेली आजी पटकन म्हणे, "शबला म्हंजे बांडी व्हय रे, आपल्या गोठ्यातल्यावानी." शबल म्हंजे ठिपके का पट्टे, कोणी सांगन का?

— आजी बरोबर आहेत. शबल म्हणजे एकाहून जास्त रंगाचं, बस. ठिपके का पट्टे हा भेद संस्कृतातल्या या शब्दात धरलेलाच नाही. अमरकोशात एकाच ओळीत चित्र, किर्मीर, कल्माष, शबल, एत आणि कर्बुर असे सहा शब्द याच अर्थाचे दिलेत, त्यातल्या कर्बुरच्या गोतातला आपला कबरा आणि चित्रच्या गोतातला चितळ. आणि गंमत म्हणजे ऋग्वेदात (10.14) यमाचे चार डोळ्यांचे कुत्रे आहेत ना, तेही शबलच, म्हणजे वसिष्ठाची गाय आणि यमाची कुत्री एकाच रंगाची! वेदान्तात शबल ब्रह्म म्हणतात तिथं मात्र रंग नाही, मायेची भेसळ.

— संस्कृतानं नसन केला भेद, आमच्या गुराख्यानं केला ना बावा. मोठे मोठे डाग असले तं बांडी, बारीक असले तं कबरी. अन् आमची एक कारवड हाय, तांबूस अंग, त्याच्यावर पाठीपासून पोटापर्यंत काळ्या रेघा, कुठं जाड कुठं बारीक, जसं चुलीतलं जळकं लाकूड कोणी अंगावरून फिरवलं, तिले सगळे वाघीणच म्हणतात. दूध काढाले गेलं का लाथही तशीच मारन तिची माय.

— जळक्या लाकडावरून आठवलं, अशा रेघांच्या अंगाला इंग्रजीत ब्रिंडल म्हणतात, त्याचं जुनं रूप ब्रिंडेड, शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकातल्या चेटकिणी ज्या मांजरीचं नाव घेतात ती ब्रिंडेडच. त्याचं मूळ जळण्याच्या शब्दाशीच जोडतात.

— आजीले सगळं वाचून दाखवलं. यमाच्या कुत्र्याचं तिले काही पटलं नाही. म्हणे, "मंग कॅलेंडरवाल्यानं तिले पांढरी काहून केली?"