ठासणीच्या बंदुकीला गज कोणता: लाकडी की पितळी?

जागलीवाला: पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, आजोबांपासूनची एकनळी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक आहे. तिचा सागाचा गज, म्हणजे नळीत दारू ठासायची काठी, मागच्या तुरीच्या हंगामात ठासतानाच मोडला. आडवा नाही, तिरपा मोडला. वीतभर टोक सुरीसारखं निघालं अन् अंगठ्याखाली तळव्यात घुसलं. चार टाके पडले. माझं मत पक्कं झालंय, लाकूड नकोच. भरीव पितळी गज घ्यावा. तो मोडत नाही, गंजत नाही, लोखंडी सळईसारखा नळी खरवडत नाही. तुम्ही काय वापरता?

धानपट्टा: हात बरा आहे ना भाऊ? पण दोष लाकडाचा नाही, निवडीचा आहे. साग ठिसूळ. त्यात लाकडाच्या धाग्याची रेषा तिरपी सुटली असेल तर तिथूनच चिरतो. गजाला धामणीच्या झाडाचं लाकूड पाहिजे, जिच्या कावडी अन् धनुष्यं होतात. करवतीनं कापायची नाही, उभी फोडायची, म्हणजे रेषा टोकापर्यंत सलग राहते. अमेरिकेत याच गुणासाठी हिकरी वापरतात. अन् गज नळीच्या तोंडापासून वीतभर वरच धरायचा, थोडा थोडा दाबायचा. वरचं टोक धरून जोर लावला की कोणतंही लाकूड वाकून तुटणार.

नेमबाज_वरोरा: पितळ मऊ आहे, हीच तर त्याची खोड. माती, कचकच त्यात रुतून बसते अन् गज कानशीसारखा घासतो. आपल्या गुळगुळीत नळीचं फारसं बिघडत नाही. पण ठासणीच्या रायफलीत आटे, म्हणजे नळीत आतून पिळाच्या खाचा, असतात, ते तोंडाशी झिजले की नेम गेला. गज कशाचाही घ्या, त्यावर सरकणारी, नळीच्या तोंडात बसणारी बोंडी हवीच. तिच्यामुळे गज मधोमध राहतो.

जागलीवाला: पितळ पुसायला किती वेळ लागतो जी? रात्री दवात, तुरीत डुकरांचा कळप शिरलेला असताना गज कुठं धरला ते कोण पाहतो? वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही, म्हणून आम्ही नुसता आवाजाचा बार काढतो. तरी ठासावं तर लागतंच.

कास्तकारीण: तुम्ही सगळे धातू-लाकडावर भांडता, पण गजावर खुणा केल्या का? रिकाम्या नळीत गज सोडून तोंडाशी एक खाच, नेहमीचा बार भरल्यावर दुसरी. गोळी दारूवर टेकली नाही, मधे पोकळी राहिली, तर नळी फुगते, फुटतेसुद्धा. शिवाय बंदूक भरलेली की रिकामी, हे अंधारात बोटानं कळतं. दुसरं म्हणजे, काळ्या दारूची काजळी ओल धरते. त्याच दिवशी गरम पाणी, कोरडी चिंधी, मग तेल. टोकाची पितळी टोपी नुसती चिकटवलेली असेल तर ती या पाण्यातच सुटते अन् चिंधीसकट आत अडकते. आरपार खिळा मारलेलीच घ्या. धुण्याला माझा कौल पितळेला, ते पाणी पीत नाही.

जागलीवाला: ताई, खाचा आजच मारतो. गज मात्र शेतातही पितळीच नेईन.

धानपट्टा: धामणीची एक फोड सावलीत वाळत टाकली आहे. पोळ्याला या, गुडघ्यावर वाकवून बघा, मग बोला.